ओठांवरची शाळा

बोरीटोल्याच्या मंडईत नाटक कोणतंही असो, राजा भय्याजी आणि पडद्याआड सेवकराम गुरुजी, हे ठरलेलं असायचं.

दिवाळी सरली, हलका धान कापून झाला, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, मैदानात दुकानं लागतात, आणि कालपर्यंत धानाच्या बांधीत चिखल तुडवणारी माणसं तोंडाला रंग फासून नाटकाला उभी राहतात. भय्याजी गावचे सरपंच, जुन्या मालगुजाराच्या घरातले. आवाज असा, की तलावाच्या पल्याड धुणं धुणाऱ्या बाईचा हात थांबावा. पाठांतराच्या नावानं मात्र आनंद. ती बाजू गुरुजींची. विंगेत उकिडवे बसून ते भय्याजींच्या डोळ्याला डोळा लावत आणि वाक्यातला पहिला शब्द ओठांवर आणत. आवाज नाही, नुसते ओठ. भय्याजी तिरप्या नजरेनं तो शब्द उचलत आणि मांडव हलवून सोडत. टाळ्या राजाला. गुरुजींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपल्या ओठांवरचा शब्द दुसऱ्याच्या छातीतून गर्जत बाहेर पडतो, याचं सुख पडद्याआड बसलेल्यालाच कळतं.

एरवी गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळत. अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, रागावले तरी आवाज चढायचा नाही. अध्यापक विद्यालयात असताना त्यांना शैक्षणिक मानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यातलं स्मरणाचं प्रकरण त्यांनी इतकं घोकलं, की पहिल्या वर्गाचे गुण पडले. 'पुन्हा पुन्हा वाचून विद्यार्थ्याच्या लक्षात राहत नाही, पुस्तक मिटून आठवावे लागते,' हे वाक्यसुद्धा त्यांनी पुस्तक उघडं ठेवूनच पाठ केलं होतं. नोकरी लागली आणि ते प्रकरण कुठं गेलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पण त्यांचा वर्ग! रस्त्यानं जाणारा माणूस बैलबंडी थांबवून ऐकत उभा राही. गुरुजींनी प्रश्न विचारायचा आणि साऱ्या पोरांनी एका सुरात उत्तर द्यायचं. कानामात्रा चुकायची नाही. साहेब तपासणीला आले, की त्यांना आधी चौथीत नेत. साहेब खूष होऊन चहा पीत आणि शेरा चांगला लिहून जात.

चौथीच्या पोरांची वर्षअखेरची परीक्षा आधी शाळेतच, गुरुजींसमोर व्हायची; मग ती करडीच्या केंद्रावर नेली. परक्या गावचे मास्तर एकेकाला समोर बोलावून तोंडी प्रश्न विचारत. आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. बोरीटोल्याची पोरं तिथं गेली आणि मुकी झाली. येत नव्हतं म्हणावं, तर आदल्या दिवशी तेच उत्तर साऱ्या गावानं ऐकलेलं. केंद्रावर मात्र पोरगं उभं राहिलं, तोंड उघडलं आणि परक्या मास्तरांच्या तोंडाकडं पाहत राहिलं. एकामागून एक, सारे तसेच.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, पोट्टे भेले असतील. दुसऱ्या वर्षीही तेच घडलं, आणि त्या खेपेला त्यात भय्याजींचा गुलाब होता.

"मले येत होतं बाबा," गुलाब रडत म्हणाला. "तिथं गेलो तं तोंडातून निघेचना. कोनं गळा धरल्यावानी झालं."

कोणी गळा धरला? प्रश्न एकदा गावात सुटला, की तो उत्तर घेतल्याशिवाय घरी जात नाही. तलावाच्या घाटावर बायांना ते लवकरच सापडलं.

करडीच्या वाटेवर गावाचं शेवटचं घर कुंताबाईचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोटी मूल नाही. लाखोळीच्या डाळीचे वडे तळून ती बाजारात विके. परीक्षेच्या सकाळी पोरं तिच्या अंगणावरून जात, तेव्हा ती टोपली घेऊन उभी राही. "खाऊन जा गा लेकरांनो. उपाशी पोटी आठवत नाई." पोरं वडा खात आणि पुढं जात.

"तुह्या पोरानं खाल्ला होता का वडा?"

"खाल्ला वो माय. दोन्ही वर्षी साऱ्याईनं खाल्ला."

"मंग आनखी काय पायजे? वाचा बांधली तिनं पोट्ट्याईची."

त्या दिवसापासून कुंताबाई घाटावर आली, की बोलणं थांबू लागलं. मग ती पाण्याला दुपारी येऊ लागली. तिच्या टोपलीतले वडे गार होऊन तसेच घरी परत जाऊ लागले. नदीपलीकडच्या एका गावात अशाच संशयावरून एका म्हातारीचे दात पाडले होते. तोंडात दात नसले म्हणजे मंत्र म्हणता येत नाही, असा समज. ती हकीकत आता बोरीटोल्यात पुन्हा सांगितली जाऊ लागली, आणि सांगणाऱ्यांच्या आवाजात दया नव्हती.

गुरुजींना हे पटत नव्हतं. "खुळचटपना हाय सारा," ते बायकोला, सत्यभामाबाईंना म्हणत. पण पोरं मुकी का होतात, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मग धानाच्या रोवण्याच्या दिवसांत त्यांची दाढ सुजली. सत्यभामाबाईंनी गालाला शेक बांधला आणि वरून दुपट्टा असा गुंडाळला, की नाकाखालचं सारं तोंड झाकून गेलं. तसेच ते वर्गात आले आणि दुपट्ट्याआडूनच विचारलं, "पाऊस कसा पडतो?"

रोजचा प्रश्न. रोजचं उत्तर.

वर्ग गप्प.

त्यांनी पुन्हा विचारलं. आनंदरावची तुळसा वर्गात सर्वांत हुशार. ती उभी राहिली, तिनं तोंड उघडलं आणि गुरुजींच्या दुपट्ट्याकडं पाहत तशीच उभी राहिली. साऱ्या वर्गाचे डोळे त्या दुपट्ट्याला चिकटले होते. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता. आणि सकाळीच, हो, सकाळीच कुंताबाई टोपली घेऊन शाळेवरून गेल्याचं गुरुजींना आठवलं. म्हणजे खरंच? हे केंद्रावरून आता इथवर आलं?

खुळचटपणा म्हणणाऱ्या माणसाच्या मनात हा विचार आला होता, आणि तो जायला तयार नव्हता. त्यांनी दुपट्टा खाली ओढला, तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं आणि घाबऱ्या आवाजात तिसऱ्यांदा विचारलं, "अरे, पाऊस कसा पडतो?"

"समुद्राच्या पाण्याची वाफ होते!" सारा वर्ग एका दमात गरजला. "ती वाफ वर जाते!"

गुरुजींचा हात आपोआप दुपट्ट्याकडं गेला. तो वर ओढला. पुढचं वाक्य अर्ध्यात तुटलं. दुपट्टा खाली, वाक्य जोडलं गेलं. पुन्हा वर, पुन्हा शांतता. पोरांना वाटलं, गुरुजी खेळतात. काही हसलीसुद्धा.

गुरुजी खुर्चीत बसले. इतकी वर्षं ते पोरांना शिकवत नव्हते, विंगेत बसले होते. प्रश्न विचारताच पहिला शब्द त्यांच्या ओठांवर येत होता, त्यांच्या नकळत, मंडईतल्या सवयीनं. पोरं तो उचलत. एक शब्द मिळाला, की पुढचे आगगाडीच्या डब्यांसारखे आपोआप ओढले जात. करडीच्या मास्तरांच्या ओठांवर तो शब्द नव्हता. त्यामुळं इंजिनच नव्हतं. पुस्तक मिटून आठवावे लागते. आणि इथं पोरांचं पुस्तक म्हणजे गुरुजींचं तोंड, वर्षभर उघडं.

त्याच संध्याकाळी ते भय्याजींच्या ओसरीवर गेले आणि सारं सांगितलं. भय्याजी सुपारी कातरत ऐकत होते. अडकित्ता थांबला.

"म्हंजे माहा गुलाब तुमच्या ओठावर बोलत होता म्हनता?"

"साराच वर्ग, भय्याजी."

"तो का कठपुतळी हाय?"

"तसं नाई..."

"गुरुजी, तुमी भले मानूस. त्या बाईले वाचवासाठी आपल्या डोस्क्यावर घेऊन राहिले, समजते मले." अडकित्ता पुन्हा चालू झाला. "पन असं लटकं बोलू नका. लोकं म्हनतीन, तिनं गुरुजीचीबी बुद्धी बांधली."

गुरुजी उठून घरी आले. आता बोलण्यात अर्थ नव्हता. पोरं केंद्रावर बोलली, तरच कुंताबाई सुटणार होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची उचलून वर्गाच्या मागं नेली. पोरांची तोंडं कोऱ्या भिंतीकडं, गुरुजी त्यांच्या पाठीशी. दातांत कडुलिंबाची काडी, ओठ हलू नयेत म्हणून. पाठ एकदा नीट समजावून द्यायचा, पुस्तकं दप्तरात घालायला लावायची, आणि मग एकेकाला विचारायचं. आजचं थोडं, कालचं थोडं, मागच्या बाजारच्या दिवसाचं थोडं, सारं मिसळून. आलं नाही तर मारायचं नाही आणि सांगायचंही नाही. थांबायचं.

हे थांबणं फार कठीण होतं. पोरगं उभं राहून अंगठ्यानं जमीन उकरायचं, आणि गुरुजींच्या तोंडातली काडी चावून चावून चोथा व्हायची. एकदा तुळसा अशीच अडकली.

"गुरुजी, येऊन राहिलं होतं, पन गेलं."

"जाऊ दे. उद्या इचारतो."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ती दारात हजर. "गुरुजी, आठवलं! मायसंग बांधीत धानाचे पऱ्हे खांदत होती तं एकदम आठवलं. रातभर डोस्क्यात किडा होता माह्या."

त्या दिवशी गुरुजी घरी येऊन बायकोला म्हणाले, "किडा पडला पायजे डोस्क्यात. आयतं देल्लं तं पडत नाई."

पण या नव्या शाळेचा आवाज गावाला ऐकू येत नव्हता. रस्त्यानं जाणारे बंडी थांबवत आणि कान देत. आधी जिथं शंभर पाखरं एकदम बोलत, तिथं आता चिडीचूप. मधूनच एखादं पोरगं अडखळत बोले, थांबे, चुके. धान पोटरीवर आला आणि गावात एकच गोष्ट झाली: शाळा मुकी झाली. आता केंद्रावर जायचीसुद्धा गरज उरली नाही, बाईनं शाळेच्या दारातच गाठलं.

ज्या उपायानं कुंताबाई सुटायची, तोच तिच्या गळ्याभोवती आवळत चालला होता. हे गुरुजींना रोज दिसत होतं. पुन्हा जुनं सुरू करावं, पोरांना एका सुरात गर्जू द्यावं, गाव शांत होईल, असं अनेकदा त्यांच्या मनात आलं. मग केंद्रावर पुन्हा तेच. ते तालुक्याला पोलिसांकडंही जाऊन आले. तिथं त्यांना सांगण्यात आलं, काही घडलं तर या.

मंडईच्या आधी भय्याजींनी बैठकीत जाहीर केलं. मंडई झाली, की दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा मांत्रिक येईल आणि बाईकडून कबूल करून घेईल. कसं कबूल करून घेतात, हे कोणी विचारलं नाही.

मंडईचा दिवस उजाडला. दुपारी मैदान फुलून गेलं. एका अंगाला चिंचेखाली कुंताबाई टोपली घेऊन बसली होती. गुरुजींनी तिला येऊ नको म्हणून निरोप धाडला होता. "घरात बसली तं म्हनतीन, आत काई करून राहिली," असं उत्तर आलं.

नाटक रंगलं. भय्याजी राजाच्या पोशाखात, छाती फुगवून. विंगेत गुरुजी. दरबाराचा प्रवेश आला, राजाचं मोठं भाषण. भय्याजींनी हात उचलला, "प्रधानजी!" म्हणून गरजले आणि सवयीनं नजर विंगेकडं टाकली.

गुरुजींनी नाटकाची नक्कल मिटून मांडीवर ठेवली आणि ओठ घट्ट मिटले.

भय्याजींचा हात वरच राहिला. "प्रधानजी..." पुन्हा म्हणाले. कपाळावरचा घाम रंगातून ओघळू लागला. मैदानात खसखस पिकेल, लोक हसतील, मग आपण पुढं होऊन सांगू, असं गुरुजींनी मनाशी बांधलं होतं. प्रेक्षकांना आपण ओळखतो, असा त्यांचा समज होता.

कोणी हसलं नाही. मैदान थंड पडलं, आणि त्या थंडपणातून एक आवाज उठला, "बांधलं! सरपंचाचं तोंड बांधलं!"

सारी डोकी चिंचेकडं वळली. एका माणसानं वाकून धोंडा उचलला. मग दुसऱ्यानं.

गुरुजींनी आयुष्यात कधी पडद्यापुढं पाऊल टाकलं नव्हतं. ते विंगेतून असे धावत आले, की टोपी पडली. "इकडं पाहा! अरे, इकडं पाहा, लेकहो!" आणि भय्याजींच्या समोर उभं राहून त्यांनी तोंड मोठं करून, साऱ्या मैदानाला दिसेल असे, नुसते ओठ हलवले.

"या राज्यात अन्यायाला थारा नाही!" भय्याजींच्या छातीतून गर्जना निघाली. त्यांना स्वतःलाही कळायच्या आत.

गुरुजींनी ओठ मिटले. गर्जना बंद. उघडले, चालू. मिटले, बंद. राजाचे डोळे गुरुजींच्या तोंडाला टांगलेले, सर्कशीतला वाघ चाबकाकडं पाहतो तसे.

"कोनं बांधलं तोंड?" गुरुजी मैदानाकडं वळून ओरडले. "म्या! पोट्ट्याईचंबी म्याच बांधलं, असेच ओठ हालवून! तुळसा, उभी राय!"

बायांच्या घोळक्यातून तुळसा उठली. गुरुजींनी तिच्याकडं पाठ फिरवली.

"पाऊस कसा पडते?"

तुळसा गप्प. गुरुजींना ती दिसत नव्हती. हातात धोंडे धरलेली माणसं मात्र दिसत होती. पाठ फिरवून उभं राहण्याइतकं एकटेपण दुसरं नाही. त्यांच्या ओठांवर शब्द आला. तो त्यांनी दातांनी धरला. नको. आता नको. पोरीचा वेळ तिला मिळू दे.

"चुलीवर..." मागून बारीक आवाज आला. थांबला. "चुलीवरच्या गंजातून जशी वाफ जाते ना, तशी समुद्रातून जाते. वर थंडी असते. तं तिचं पानी होते अन् मंग पडते."

पुस्तकातलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "भय्याजी, आता गुरुजीले खिशात घालून फिरत जा!" आणि मैदान फुटलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. धोंडे कधी खाली गेले, ते धरणाऱ्यांनाही आठवलं नसेल. एवढ्या हसण्यात भय्याजी एकटे रंगमंचावर उभे होते; रंगाखाली चेहरा काळाठिक्कर.

गुरुजींनी चिंचेकडं पाहिलं. टोपली उलटी पडली होती. कुंताबाई तिथं नव्हती.

मांत्रिक आला नाही. हसलेल्या गावाला दुसऱ्या दिवशी तेवढं गंभीर होता येत नाही. पुढं कितीतरी दिवस कोणी काही विसरलं, की दुसरा म्हणे, "गुरुजी, ओठ हालवा!" पण वर्षाच्या मध्येच गुरुजींची बदली झाली. लाखांदूरकडं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कशी झाली, हे सांगायची गरज नव्हती. जाण्याआधी त्यांनी पोरांच्या जोड्या लावून दिल्या. पाठीला पाठ लावून बसायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं आठवायचं.

एस.टी.च्या थांब्यावर भय्याजी स्वतः आले. हार नव्हता, शिवीही नव्हती.

"गुरुजी, पोट्टे पास झाले तं तुमी खरे."

"अन् नाई झाले तं?"

भय्याजींनी करडीच्या वाटेवरच्या शेवटच्या घराकडं पाहिलं आणि गाडी सुटेपर्यंत तिकडंच पाहत राहिले.

लाखांदूरच्या भाड्याच्या खोलीत तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा गुरुजींनी त्या नजरेखाली काढला. परीक्षेच्या दिवशी ते करडीला जाऊ शकले असते. गेले नाहीत. खिडकीत ते दिसले असते, तर पोरांनी ओठ शोधले असते. सत्यभामाबाईंनी वाढलेलं ताट मात्र त्या दिवशी तसंच राहिलं.

निकाल लागल्यावर तुळसाचे वडील आनंदराव गाड्या बदलत, घामानं थबथबून दारात आले. गुरुजींनी पाणीही विचारलं नाही.

"बोल, आनंदराव."

"पास झाले, गुरुजी. तुळसा पयली."

"सारे?"

आनंदरावनं गमछ्यानं तोंड पुसलं. "एक राहिला."

"कोनाचा?"

"भय्याजीच्या भावाचा."

सत्यभामाबाई तांब्या घेऊन दारातच थांबल्या. गुरुजींनी भिंतीला हात टेकला. "मंग?"

"मंग त्याच्या मायनं केला ना गोंधळ. म्हने, कुंताबाईनंच केलं. बाया जमल्या, दोन-चार मानसं निघालीबी तिकडं. तं भय्याजी ओसरीवरून उतरले, वाटेत उभे राहिले अन् म्हनाले, पोट्टा सालभर चिंचा पाडत होता, आठवन कुठून? घरी जा सारे."

"भय्याजी म्हनाले?"

"साऱ्याईसमोर. गेले मंग लोकं घरी."

गुरुजी खाली बसले. सत्यभामाबाईंनी पाणी दिलं, आनंदराव गटागटा प्यायले.

"अन् बाई कशी हाय?" गुरुजींनी शेवटी विचारलं.

आनंदरावनं तांब्या खाली ठेवला.

"हाय. कोनी काई म्हनत नाई तिले आता." त्यानं गमछा खांद्यावर टाकला. "पानी मात्र ती अजूनबी भर दुपारीच भरते, गुरुजी. साऱ्या बाया निघून गेल्यावर."